दुर्बिणीचं ऑपरेशन आणि दुसरा डोळा



वसईच्या या सभेत बहुतेक जण तिशीच्या आत-बाहेरचे आहेत. तरी पित्ताशयाचं किंवा अपेंडिक्सचं ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ झालेलं घरात कुणीतरी असेलच. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. मला कुतूहल आहे ते सर्जनला पडद्यावर काय दिसतं याचं.

एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून बघा. सुई दिसते, दोरा दिसतो, पण कोण पुढे, कोण मागे, ते कळत नाही. आपल्या दोन डोळ्यांत साधारण ६ सेंटिमीटर अंतर असतं. दोघांना चित्र थोडं वेगळं दिसतं आणि त्या फरकातून मेंदू खोली ओळखतो. दोन डोळ्यांना एकच वस्तू कशी दिसते, यावर इब्न अल-हैथमने हजार वर्षांपूर्वी लिहिलंय. त्याचं नाव आपण सभांमध्ये घेतो, प्रकाशशास्त्र मात्र फारसं शिकत नाही. असो.

साध्या दुर्बिणीला एकच डोळा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली भारतातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं, ते सपाट चित्र बघूनच. सावली, हालचाल, हाताला जाणवणारा ताण यांवरून सर्जन खोलीचा अंदाज बांधतात. सरावाने तो पक्का होतो.

थ्रीडी दुर्बिणीच्या टोकाला शेजारी शेजारी दोन भिंगं असतात. दोन्ही चित्रं एकाच पडद्यावर येतात आणि सर्जनच्या खास चष्म्यातून ज्या त्या डोळ्याला आपापलं चित्र मिळतं. दा विंची रोबोटमध्ये चष्म्याऐवजी डोळे लावायला दोन भिंगं असतात. खरी कसरत चित्रं जुळवण्याची. एक जरा मागे पडलं किंवा वरखाली झालं, की बघणाऱ्याचं डोकं दुखतं.

फायदा कुठे? आत टाके घालताना, गाठ मारताना. तिथे हात लवकर चालतो, चुका कमी होतात, नवख्यांच्या विशेषतः. पित्ताशयाचं मात्र वेगळं आहे. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या चाचणीत थ्रीडीमुळे फरक दिसला नाही. यंत्रं नंतर बरीच सुधारली, हे खरं. पण पित्तनलिकेला झालेल्या २५२ इजांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ९७ टक्के वेळा मूळ चूक नजरेची निघाली. मुख्य पित्तनलिकाच पित्ताशयाची नळी वाटली आणि कापली गेली. ओळखच चुकली, तर नुसती खोली दिसून काय होणार? म्हणून पित्ताशयाकडे जाणारी एक नळी आणि एक रक्तवाहिनी, या दोनच गोष्टी मोकळ्या करून नीट दिसल्याशिवाय कापायचं नाही, असा सर्जनांचा दंडक आहे.

तेव्हा नालासोपाऱ्यात किंवा विरारमध्ये कुणी ‘थ्रीडी आहे, पैसे जास्त पडतील’ म्हणालं, तर अम्मीचे दागिने गहाण ठेवण्याआधी विचारा: या ऑपरेशनमध्ये त्याचा उपयोग काय? तुम्ही अशी किती केलीत? आत नीट दिसलं नाही तर पोट उघडाल ना? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणाले तर घाबरू नका. अशा वेळी पोट उघडणं हे अपयश नव्हे.