कार्ड घेण्याआधी डबा उघडून बघा

मी करमाळा तालुक्यातल्या केमहून बोलतेय. केम म्हटलं की कुंकू! आमच्या गटातल्या बायकाही कुंकवाच्या पुड्या भरतात. लेबल बाहेरून करून घ्यायला दरवेळी पैसे जायचे, म्हणून गटाने कंपनीचा तयार कॉम्प्युटर घेतला. वर्षभरात तो अडकायला लागला. दुकानदार म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड टाका, पळेल." तो भरभर नावं सांगत होता, आम्ही चौघी नुसत्या माना डोलवत होतो. विचारायची लाज वाटली. साडेसात हजारांचं कार्ड आणलं आणि ते डब्यात बसेनाच! परत घेताना त्याने हजार रुपये कापले. दर महिन्याला शंभर-शंभर रुपये साठवणाऱ्या दहा जणींची एका महिन्याची बचत गेली.

तुमचे पैसे असे जाऊ नयेत, म्हणून आज बोलतेय.

ग्राफिक्स कार्डाचं काम पडद्यावर चित्र उमटवण्याचं. बहुतेक तयार कॉम्प्युटरमध्ये ती सोय आतच असते. हिशोब, पत्रं, साधी लेबलं यांना ती पुरते. वेगळं कार्ड लागतं ते व्हिडिओचं मोठं काम, थ्रीडी चित्रं किंवा भारी गेमसाठी.

मग आमचा कॉम्प्युटर का अडकत होता? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि नेहमीचं काम सुरू ठेवून बघा. मेमरी सतत भरलेली दिसली तर रॅम कमी आहे. डिस्क सतत 100 टक्क्यांवर असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. आमची रॅम होती फक्त 4 जीबी आणि डिस्कही जुनी. दोन्ही बदलल्या, काम सुरळीत झालं.

तरीही कार्ड हवंच असेल, तर आधी चार गोष्टी बघा.

पहिली, जागा. बारीक डब्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं. आतली लांबी टेपने मोजा.

दुसरी, वीज. आतल्या एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीवर, वॅट लिहिलेले असतात. कार्डाच्या खाचेतून जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. मोठ्या कार्डाला वेगळी वायर लागते, ती तयार कॉम्प्युटरमध्ये बरेचदा नसते. काही कंपन्यांच्या पेटीचा प्लगही वेगळा असतो, बाजारातली पेटी त्याला चालत नाही. अशा वेळी जादा वायर न लागणारंच कार्ड मागा.

तिसरी, वॉरंटी. डबा उघडला तर ती राहते का, हे कंपनीला विचारा.

चौथी, बसलं नाही तर पूर्ण पैसे परत, असं बिलावर लिहून घ्या.

बसवताना प्लग काढा, आतल्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा, मगच कार्ड हातात घ्या. नंतर पडद्याची वायर नव्या कार्डालाच जोडा. ती जुन्या जागी राहिली, तर कार्ड असून नसल्यासारखं.

आता आमच्या ठराववहीत एक ओळ कायमची आहे: मशीनच्या खरेदीआधी दोन ठिकाणी विचारायचं, आणि समजेपर्यंत विचारायचं. गटाच्या पैशासाठी विचारताना लाजायचं नाही, बायांनो.