जठरातील फुगा : शस्त्रक्रियेविना वजनघट

अतिस्थूलतेवरील उपचारांत आहारनियमन व औषधे एकीकडे आणि जठराचा आकार कायमचा घटवणारी शस्त्रक्रिया दुसरीकडे, यांच्यामधली पायरी म्हणून जठरातील फुग्याचा उपचार ओळखला जातो. सिलिकॉनचा रिकामा फुगा एंडोस्कोपच्या, म्हणजे तोंडावाटे जठरात उतरवल्या जाणाऱ्या दुर्बिणीच्या, साहाय्याने आत बसवून त्यात साधारणतः 400 ते 700 मिलिलिटर सलाइन भरले जाते; फुग्याने जागा व्यापल्यामुळे आणि अन्न जठरातून पुढे सरकण्याचा वेग मंदावल्यामुळे थोड्या जेवणानेही पोट भरते. या सलाइनमध्ये मिथिलीन ब्लू हे निळे रंगद्रव्य मिसळण्याची युक्ती मोठी चतुर म्हणावी लागेल. कारण फुगा फुटल्यास रंग रक्तात शोषला जाऊन लघवी हिरवट-निळी होते आणि रिकामा फुगा आतड्यात सरकून अडकण्यापूर्वीच रुग्णाला घरबसल्या सूचना मिळते.

अमेरिकेत 1985 मध्ये मान्यता मिळालेला, हवेने भरलेला दंडगोलाकार फुगा जठरात व्रण व आतड्यात अडथळे निर्माण करू लागल्याने मागे पडला. आजचे गुळगुळीत, गोल फुगे त्या अपयशातूनच घडले. पहिले काही दिवस मळमळ, उलट्या व पोटात कळा येतात. फुगा बहुधा सहा महिन्यांनी काढला जातो. तोवर वजन सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास घटते, पण जुन्या सवयी परतल्या की तेही परतते. गर्भवती स्त्रिया आणि जठरावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्ती यांच्यासाठी हा उपचार वर्ज्य आहे.