सुई कुठे टोचायची?

बारामतीच्या बाजाराला आलेला माणूस तापाने फणफणला असला, की दवाखान्यात शिरताच म्हणतो, "डॉक्टर, सुईच द्या. गोळीनं काय होतंय?" साधी पॅरासिटामॉलची गोळी पोटात विरघळते, लहान आतड्यातून रक्तात शोषली जाते आणि तासाभरात ताप उतरू लागतो. उलटीने गोळी टिकत नसेल तर गोष्ट वेगळी. एरवी सुईचा हट्ट म्हणजे दंडाला उगाच भोक!

पण काही ठिकाणी वाटच चुकली तर औषध वाया जाते. नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या रानात ऊस आणला. उसात उंदीर आले, उंदरांमागून साप. रात्री पाणी धरायला गेलेल्याला घोणस चावली, तर त्याला लागते ते प्रतिविष, ज्याला आपण सापाची लस म्हणतो. ही घोड्याच्या रक्तातून काढलेली प्रथिने. तोंडाने दिली तर पोटात डाळीसारखी पचून जातील. कुल्ल्यात टोचली तर त्यांचे मोठाले कण रक्तात झिरपायला फार वेळ घेतात, आणि पुरते पोचतही नाहीत. शिवाय घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते. अशा वेळी स्नायूत सुई खुपसली की आतल्या आत रक्त साचते. चावल्या जागी लस टोचा, असा आग्रह कोणी धरतात, तोही व्यर्थच. विषबाधेची लक्षणे दिसताच लस सलाइनमध्ये मिसळून शिरेतून, साधारण तासाभरात सोडतात. लहान मुलालाही मोठ्याइतकीच लागते. मूल लहान म्हणून साप विष कमी सोडत नाही.

आणि गंमत पाहा. याच लसीची कुणाला वावडी आली, अंगावर गांधी उठून दम लागला, तर अ‍ॅड्रेनलिन मात्र मांडीच्या स्नायूतच टोचतात. तिथून ते झटपट रक्तात जाते. रोगी एक, वाटा दोन!

विषालाही वाट लागतेच. सापाचा दात म्हणजे एक सुईच की! घोणशीचे बरेचसे विष कातडीखालून लसिकावाहिन्यांनी वर चढते, आणि माणूस धावू लागला की पोटरीचे स्नायू त्याला पंपासारखे वर ढकलतात. म्हणून चावलेला पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, आवळपट्टी करू नये, आणि मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून थेट सरकारी रुग्णालय गाठावे.