काडतुसाची पुंगळी

तांबट भांडें घडवितांना कांहीं वेळ ठोके घालतो आणि मग काम थांबवून तें भट्टींत सारतो. पाहणारास हा खोळंबा वाटतो. परंतु ठोक्यांनीं धातु ताठर होतो व तसाच ठोकीत राहिल्यास चिरतो. ताव देऊन नरम केला, म्हणजे पुढील ठोके त्यास सोसतात. पुण्याच्या तांबट आळींत डोळ्यांनीं पाहावयास मिळणारा हा नियम रायफलीच्या काडतुसासही जसाच्या तसा लागू आहे.

काडतुसाची पुंगळी ज्या पितळेची करतात, तींत शंभरांत ७० भाग तांबें व ३० भाग जस्त असतें. बार होतांच आंतील वायूचा दाब, ‘३०-०६’ या अमेरिकन काडतुसांत, दर चौरस इंचास सुमारें ६० हजार पौंडांपर्यंत चढतो. त्या दाबानें पुंगळी फुगून बंदुकीच्या कोठ्यास चिकटते आणि वायूस मागें, नेम धरणाराच्या डोळ्यांकडे, येऊं देत नाहीं. दाब ओसरतांच ती किंचित् आकसते, म्हणूनच सहज बाहेर निघते.

अमेरिकेंत नेमबाजीचे शौकीन अशा रिकाम्या पुंगळ्या वेंचून घरीं पुन्हा भरतात. खर्च वांचतो हें खरें. पण मुख्य हेतु अचूकपणाचा. पुंगळी पुसून, तिला तेलाचा हात देऊन, पोलादी साच्यांत दाबतात. येथें उतावळा मनुष्य फसतो. खांदा फार मागें सारला, तर प्रत्येक बारास पुंगळी लांबीनें ताणली जाते, बुडाच्या वरची भिंत पातळ होत जाते आणि एके दिवशीं ती तेथेंच तुटते. म्हणून जाणता मनुष्य उडालेल्या पुंगळीचें माप घेऊन खांदा इंचाचा एक-दोन सहस्रांश एवढाच मागें घेतो. मान लांबली असल्यास ती कापतो. ‘३०-०६’ची पुंगळी २.४९४ इंचांहून लांब असतां कामा नये. लांब मान कोठ्याच्या तोंडांत अडकून गोळीस आवळते व दाब भलताच वाढतो.

फुगणें आणि दाबलें जाणें, या दोहोंनीं मानेची पितळ तांबटाच्या भांड्याप्रमाणें ताठर होते. मग एक मान गोळीस घट्ट धरते, दुसरी सैल; गोळ्यांचे वेग सारखे राहत नाहींत, आणि दूरच्या निशाणावर एक वर लागते, एक खालीं. उपाय तोच, ताव देण्याचा. मात्र तो मान व खांदा यांसच द्यावयाचा. बूड नरम पडलें, तर दाब सोसणारा आधारच गेला.

ताव न दिलेल्या पितळेचें काय होतें, हें एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील ब्रिटिश लष्करानें पाहिलें. पावसाळ्यांत तबेल्यांत ठेवलेलीं काडतुसें, एकही बार न होतां, आपोआप तडकूं लागलीं. ऋतूवरूनच त्या दोषास इंग्रजींत नांव पडलें. पुढें १९२१ मध्यें मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनीं उलगडा केला. घोड्यांच्या मूत्रांतून निघणारा अमोनिया दमट हवेंत पितळेवर बसे, आणि घडणीच्या वेळीं तिच्या अंगीं राहून गेलेला ताण तिला फोडी. बेतानें ताव देऊन तो ताण काढला, कीं तडकणें थांबे.

अनेक लष्करी काडतुसांच्या मानेवर आजही निळसर-तपकिरी डाग दिसतो. अनभिज्ञास तो कळकट वाटतो. तो तावाचा असतो, आणि ताव दिल्याची खूण म्हणून मुद्दाम पुसला जात नाहीं.