इर्जिक एका दिवसाची, सावड वर्षाची

(जिल्हा बैठकीत गावोगावच्या वाचनालय मित्रमंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



सकाळपासून आपण कापसाच्या ओलाव्यावर आणि ज्वारीच्या भावावर बोललो. आता जेवणे झाली आहेत, डोळे मिटायला लागले आहेत आणि अध्यक्षांनी आम्हाला वाचनालयावर बोलायला उभे केले आहे. म्हणजे ज्यांना डुलकी काढायची आहे त्यांची चांगली सोय झाली. पण जी मंडळी गावात वाचनालय चालवतात त्यांनी जागे राहावे. आमच्या माहितीतल्या तीन गावांत वाचनालयाला कुलूप लागले आहे. पुस्तके आहेत, कपाटे आहेत, एका ठिकाणी तर खोलीही पक्की आहे. संपली ती माणसे. आजचा विषय ती माणसे आहेत, पुस्तके नव्हेत.

आमची स्वतःची फजिती

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो, म्हणजे दुसऱ्याला उपदेश करायला तोंड राहील. आम्ही कृषीची पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा आमची पक्की समजूत होती, की कोरडवाहू शेतकऱ्याला माहिती कमी पडते. माहिती पोचवली की काम झाले. त्या हिशेबाने आम्ही एका गावात वाचनालय काढले. शहरातून पुस्तके गोळा केली. ट्रॉली भरून आली. गावाने मांडव टाकला, पाहुण्यांना फेटे बांधले, नारळ फुटला, फोटो निघाला.

दोन वर्षांनी आम्ही त्या गावात गेलो. कपाट उघडले तर खालचे दोन खण उधईने खाल्लेले. वरच्या खणात काय होते ते ऐका: दहावीची जुनी गाईडे, लग्नात आहेर म्हणून आलेली पण कधी न उघडलेली पुस्तके, आणि एका बंद पडलेल्या कारखान्याचे वार्षिक अहवाल. शहरातल्या लोकांनी आपली अडगळ मोकळी केली होती आणि आम्ही ती ज्ञानगंगा म्हणून गावात आणून ओतली होती. तिथल्या एका म्हाताऱ्याने आम्हाला एवढेच विचारले, "साहेब, किल्ली कोणाजवळ देऊन गेले होते तुम्ही?" आम्हाला आठवेना. किल्ली कोणाच्या कमरेला राहील, हा प्रश्न त्या समारंभात कोणी विचारलाच नव्हता.

इर्जिक आणि सावड

आपल्याकडे इर्जिक आहे आणि सावड आहे. दोन्ही मदतीच्याच रीती, पण त्यांत फरक आहे. एखाद्याची नांगरट अडली की सारे गाव आपापली बैलजोडी घेऊन त्याच्या वावरात उतरते, दिवसभरात काम उरकते, रात्री जेवण होते आणि मंडळी घरी जातात. ही इर्जिक. सावड तशी नाही. तुझा एक बैल, माझा एक बैल, आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. हंगाम संपेपर्यंत पाळी चुकवायची नाही. इर्जिकीत उत्साह लागतो, सावडीत शब्द पाळावा लागतो.

वाचनालय इर्जिकीने सुरू होते, पण चालते ते सावडीनेच. आपण इर्जिकीत पटाईत आहोत, आणि सावडीत कमी पडतो.

दुसऱ्या एका गावात आम्ही हे शिकलो. तिथे समारंभ केलाच नाही. आधी एक कागद भिंतीला लावला आणि म्हटले, आठवड्यातून एक संध्याकाळ दोन तास देणाऱ्याने नाव लिहावे. पंधरा दिवसांत चौदा नावे आली. चौदा नावे म्हणजे रोज दोघे. एकाला ताप आला तरी दुसरा कुलूप उघडतो. मग पुस्तके आणली, आणि तीही या चौदा जणांनी गावाला विचारून. ही चौदा माणसे कोण? एक निवृत्त पोस्टमन, दोन कॉलेजची पोरे, बचत गटाच्या चार बाया, एक शिंपी, बाकी आपल्यासारखे पाच-दहा एकरवाले. त्यांत एक आजोबा असे आहेत की ज्यांना सही पलीकडे अक्षर येत नाही. त्यांनी मंगळवार घेतला. म्हणाले, "वाचता येत नाही, पण झाडता येते, दिवा लावता येतो." मंगळवारी ते कधीही चुकले नाहीत. शिकलेल्यांचे खाडे त्यांच्यापेक्षा जास्त आहेत.

बायांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. वाचनालय पाराजवळ, उघडणार संध्याकाळी, आणि त्या वेळी पारावर पुरुष बसलेले. तिथे कोणती सून पुस्तक मागायला येईल? त्यांनी तीस पुस्तकांची एक पेटी केली आणि ती बचत गटाच्या बैठकीला न्यायला सुरुवात केली. दर महिन्याला पेटी बदलते. आज त्या गावात वाचनालयात येऊन जितकी पुस्तके जातात त्याहून पेटीतून जास्त जातात.

कोणी म्हणेल, ही नवी युक्ती आहे. नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याचे राजे झाले. त्यांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचे शिक्षण आणले, १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला आणि गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. त्यांची आणखी एक रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. गावाने जेवढी रक्कम जमवायची तेवढीच पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. राजा असूनही त्याने सगळे फुकट दिले नाही. आधी गावाचा हात खिशात जाऊ दिला.

वाचून होते काय?

"मोबाईलवर सगळे मिळते, आता वाचनालय कशाला?" हा प्रश्न आम्हाला दर सभेत येतो. २०१७ साल आठवा. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसे गेली. त्यांत मजूर होते, शेतकरी होते. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली. औषधाच्या प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. डब्यासोबत घडीपत्रिका असते. अक्षर इतके बारीक की तरण्या पोरालाही भिंग लागावे. ती पत्रिका आपल्यातल्या किती जणांनी उलगडून पाहिली होती? आम्ही कृषी पदवीधर, आम्हीसुद्धा तोवर कुठल्या गावात बसून ती मोठ्याने वाचून दाखवली नव्हती. हे आमच्या पदवीला लागलेले लांछन आहे.

त्यानंतर त्या चौदा जणांनी एक नियम केला. हंगामात दर गुरुवारी संध्याकाळी, त्या आठवड्यात गावात जे औषध आले असेल त्याची पत्रिका मोठ्याने वाचायची. कोणत्या रंगाचा त्रिकोण, किती पाण्यात किती, दुसऱ्या औषधात मिसळायचे की नाही, वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे, फवारल्यानंतर किती दिवस वेचणी करायची नाही. ऐकायला मजूर येतात, कारण पंप त्यांच्या पाठीवर असतो. सोबत अकोला विद्यापीठाची कृषी संवादिनी आणि कृषी विभागाचे 'शेतकरी' मासिक ठेवलेले असते. शंका आली की पान उघडतात.

मोबाईलवर माहिती मिळते हे खरेच आहे. पण सल्ला देणारा आणि माल विकणारा पुष्कळदा एकच असतो. दुकानातही तेच. वाचनालयाला काही विकायचे नसते. गावात अशी एक तरी जागा असावी की जिथे तुम्ही प्रश्न विचारला तर समोरच्याला तुमच्या उत्तरातून चार पैसे सुटणार नाहीत.

ग्रंथपाल ताईचा पगार

आता अवघड जागी येतो. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. राज्यात दहा हजारांच्या वर वाचनालये आहेत आणि त्यांतली बहुतेक सरकारची नाहीत, तुमच्या-आमच्यासारख्यांनी नोंदवलेल्या संस्थांची आहेत. सरकार अ, ब, क, ड असे वर्ग लावते आणि वर्गाप्रमाणे अनुदान देते. आपली गावठाणातली वाचनालये बहुधा ड वर्गात. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली तेव्हा ड वर्गाचे वर्षाचे ३० हजार होते त्याचे ४८ हजार झाले. टाळ्या वाजल्या. आपण हिशेब मांडू. त्यातले निम्मे पगारासाठी धरले तर २४ हजार. महिन्याला दोन हजार. दिवसाला सहासष्ट रुपये. निंदणाला या पैशात कोणी येईल का? येणार नाही. पण पुस्तकांची नोंद ठेवायला, रजिस्टर लिहायला, पोरांना सांभाळायला आपण शिकलेल्या मुलीला या पैशात बोलावतो आणि वर म्हणतो, समाजसेवा आहे.

त्या गावच्या मंडळात एका बैठकीला एक जण उठून म्हणाला, "आम्ही चौदा जण फुकट करतो. मग त्या पोरीला पैसे कशाला? ते पैसे पुस्तकांना लावा." काहींनी माना डोलावल्या. ती ताई तिथेच होती. तिने किल्ली सतरंजीवर ठेवली आणि म्हणाली, "काका, उद्यापासून तुम्ही उघडा. फक्त मृगाच्या पेरणीत आणि वेचणीत कोण उघडणार, तेवढी नावे आज लिहून घ्या." कागद फिरला. एकही नाव आले नाही. किल्ली परत तिच्या हातात दिली.

हा प्रश्न आपल्याच गावचा नाही. इंग्लंडात २०१० नंतर सरकारी खर्चाला कात्री लागली तेव्हा तिथल्या स्थानिक संस्थांनी शेकडो वाचनालये स्वयंसेवकांच्या गळ्यात घातली. काही चांगली चालली. पण पगारी जाणकार माणूस गेल्यावर त्याची जागा दोन तासांच्या पाळीने भरत नाही, असा धडा तिथून घ्यावा. मित्रमंडळाचे काम ग्रंथपालाला हात देण्याचे आहे, तिच्या पोटावर पाय देण्याचे नाही.

त्या गावाने काय केले? वेचणी आटोपली की आणि खळे झाले की प्रत्येक घराने एक पायली ज्वारी किंवा तेवढे पैसे ताईच्या पगारात घालायचे ठरवले. दोन वर्षे नीट जमले. तिसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला आणि निम्म्या घरांनी दिले नाही. ते आम्ही लपवणार नाही. त्यांच्या कणग्याच रिकाम्या होत्या. त्या वर्षी मंडळाने पुस्तके घेतली नाहीत, पगार मात्र दिला. आमच्या मते त्यांनी बरोबर केले.

सातबाऱ्यावर मेलेल्याचे नाव

कुलूप लागलेल्या त्या तीन गावांपैकी दोन ठिकाणी कारण एकच निघाले. संस्थेचे अध्यक्ष वारले, नवे मंडळ बसले, पण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात फेरफार अर्ज गेलाच नाही. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत हा अर्ज द्यायचा असतो. तो राहिला, हिशेब तपासणी राहिली, अनुदान अडकले, ताई गेली, कुलूप लागले. बाप मेल्यावर वारसाची नोंद केली नाही तर पीककर्जाला बँक उभी करत नाही, हे आपल्याला कळते. वाचनालयाचेही तसेच आहे. मित्रमंडळात पुस्तके वाचणारे दहा असतील तर कागद वाचणारा एक तरी पाहिजे. ते काम रुक्ष आहे. त्याला फेटा बांधत नाहीत. पण तेच नसल्याने वाचनालये मरतात.

सावड गावाबाहेर गेली तर काय होते हे केरळात पाहावे. पी. एन. पणिक्कर नावाच्या शाळामास्तराने १९४५ साली ४७ ग्रामीण वाचनालये एका संघात बांधली. मग पायी फिरून गावोगाव तेच केले. हजारो वाचनालये उभी राहिली. १९८९ साली तिथे ग्रंथालयांचा कायदा आला आणि घरपट्टीसोबत ग्रंथालयाचा उपकर घेतला जातो. आपल्या राज्याच्या कायद्यात असा उपकर नाही. पणिक्कर १९ जून १९९५ ला गेले, तो दिवस तिथे वाचन दिन म्हणून पाळतात. ४७ हा आकडा आपल्या एखाद्या तालुक्यातून जमण्यासारखा आहे.

तेव्हा आजच्या बैठकीकडे तीन मागण्या करतो. एक, प्रत्येक मंडळाने आपल्या संस्थेचा उतारा काढून त्यावर जिवंत माणसांची नावे आहेत का ते पुढच्या बैठकीआधी पाहावे. दोन, शेजारच्या गावांनी पुस्तकांच्या पेट्यांची सावड करावी, म्हणजे तीसच्या नव्वद होतील. तीन, बंद पडलेल्या तीन गावांना या बैठकीने एक-एक जवळचे मंडळ लावून द्यावे.

दाराशी एक कागद ठेवला आहे. आठवड्यांचे रकाने आखले आहेत. बाकीचे रकाने लोक भरतात, तो आमचा अनुभव आहे. यंदा पहिलाच रकाना पेरणीच्या आठवड्याचा ठेवला आहे. जाताना आधी तो भरा.