दिल्लीच्या पायवाटा : ऋतुमान आणि पायांचे बळ
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत पदभ्रमण गटाच्या वतीने दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि नाट्य यांच्या पंक्तीस पायी चालण्यासारख्या साध्या विषयाचे पान मांडण्याचे औदार्य कार्यकारिणीने दाखविले, याबद्दल आम्ही प्रारंभीच आभार मानतो. आम्ही स्वतःस गिर्यारोहक म्हणवून घेणार नाही. आमच्या गटात निवृत्त अधिकारी आहेत, बँकेतील कर्मचारी आहेत, शिक्षिका आहेत, करोलबागेत सोने गाळण्याचा व्यवसाय करणारे सांगलीकडील तरुण आहेत आणि ‘आजी, तुम्ही इथेच बसा’ असे म्हटलेले ज्यांना मुळीच खपत नाही, अशा तीन-चार आजीही आहेत. इतक्या निरनिराळ्या पायांना एकत्र चालवावयाचे, तर वाट कशी निवडावी, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

‘दिल्लीत कुठला आलाय डोंगर?’ हा प्रश्न आम्हांस नेहमी विचारला जातो. ज्यांनी लहानपणी राजगड-तोरणा केला, कळसूबाईचे १,६४६ मीटर चढून पाहिले, त्यांना येथील ‘रिज’ म्हणजे थट्टाच वाटते. उत्तर दिल्लीतील पहाडी तर भोवतालच्या सपाटीहून जेमतेम काही मजले उंच. परंतु मोठेपण उंचीवरच ठरवावयाचे नसेल, तर वयाचा हिशेब ऐकावा. सह्याद्रीचा काळा पत्थर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. अरवलीच्या या उत्तर टोकाचा गारगोटीच्या जातीचा, क्वार्टझाइट नावाचा कठीण खडक शंभर कोटी वर्षांहूनही पुष्कळ जुना. नात्यानेच बोलावयाचे तर सह्याद्री हा या पहाडीचा पणतू शोभेल. पणजोबा वाकले आहेत, झिजले आहेत. पण घरात त्यांचा मान पहिला.

आता वाटांकडे वळू. आम्ही वाटांच्या तीन पायऱ्या मानतो.

पहिली पायरी म्हणजे सपाट, सावलीची, बसावयास बाके असलेली आणि केव्हाही परत फिरता येईल अशी वाट. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी, बाळांच्या आयांनी आणि नव्याने चालू लागलेल्यांनी येथूनच आरंभ करावा. लोदी उद्यान आणि निजामुद्दीनजवळची सुंदर नर्सरी ही यांतली ठळक नावे. नोएडात राहणाऱ्यांना ओखला पक्षी अभयारण्य जवळ पडते. त्याच नावाचे मेट्रो स्थानक आहे, यमुनेच्या कडेने सपाट रस्ता आहे आणि हिवाळ्यात पाण्यावर उत्तरेकडून आलेली बदके उतरतात. तेथून फार दूर नाही अशा पटपडगंजच्या लढाईत ११ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या फौजेचा पराभव होऊन दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे.

दुसऱ्या पायरीच्या वाटा मातीच्या, थोड्या चढउताराच्या, दोन ते तीन तासांच्या. विश्वविद्यालय मेट्रो स्थानकापासून सुरू होणारी उत्तर रिजची वाट आम्ही प्रत्येक नव्या सभासदास दाखवितो. फ्लॅगस्टाफ टॉवर, चौबुर्जी मशीद, पीर गायब, फिरोजशहा तुघलकाने मेरठेहून आणविलेला अशोकस्तंभ आणि १८५७ चे स्मारक, एवढा इतिहास एका सकाळीत पायाखालून जातो. वाटेत हिंदुराव रुग्णालय लागते. दिल्लीकर हे नाव रोज घेतात, पण ते कोणाचे हे फार थोड्यांना ठाऊक असते. हिंदुराव घाटगे हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाल्यानंतर त्याचा येथील बंगला त्यांनी घेतला आणि टेकडीवर एक मराठी नाव कायमचे राहिले. गटातील मुलांना हे सांगितले की त्यांची पावले एकदम झपाट्याने पडू लागतात, असा आमचा अनुभव आहे.

दक्षिणेकडे कुतुबमिनारजवळचे मेहरौली पुरातत्त्व उद्यान आणि त्याच्या उत्तरेचे संजय वन हे याच पायरीचे. संजय वनात लालकोटच्या जुन्या तटाचे अवशेष झाडीत दडलेले आहेत. गुरुग्रामच्या मंडळींना तेथील अरवली जैवविविधता उद्यान सोयीचे. (याच नावाचे दुसरे उद्यान दिल्लीत वसंतविहाराजवळ आहे. तेव्हा ‘उद्यानाच्या दाराशी भेटू’ असे मोघम ठरवू नये.) गुरुग्रामचे हे उद्यान म्हणजे पूर्वीच्या दगडखाणी. २०१० पासून तेथे अरवलीतील मूळची झाडे पुन्हा लावण्यात आली. उजाड खाणीचे रान होऊ शकते, हे डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर येथे जावे.

तिसरी पायरी खडकाळ, उन्हाची आणि दमाची. असोला-भाटी अभयारण्यातील जुन्या खाणींचा प्रदेश, तुघलकाबाद आणि आदिलाबादचे तट, तसेच फरिदाबाद-गुरुग्राम यांमधील मांगर गावची बनी. बनी म्हणजे आपली देवराईच. गुदडिया दास बाबांच्या श्रद्धेपोटी तेथे कोणी फांदी तोडीत नाही. म्हणून आपल्या धावड्याचा भाऊबंद असा धौ वृक्ष तेथे दाट उरला आहे. २०२१ मध्ये याच परिसरात अश्मयुगीन हत्यारे आणि गुहाचित्रे असल्याची बातमी आली. तेथे जावयाचे ते गावकऱ्यांना विचारून, पाहुण्यासारखे. काडीही उचलून आणावयाची नाही.

पायरी ठरली तरी वाट ठरत नाही. ती ऋतू ठरवितो. दिल्लीचे ऋतू सह्याद्रीच्या पंचांगावर चालत नाहीत.

आपल्याकडे डोंगराची हौस श्रावणात फुलते. येथे मान्सून सामान्यतः जूनअखेर पोहोचतो आणि सप्टेंबरच्या शेवटी परततो. त्या काळात रान हिरवेगार होते खरे, पण दमट उकाड्याने माणूस लवकर थकतो, गारगोटीचा खडक निसरडा होतो आणि गवतात सापाची भीती असते. पावसाळ्यात आम्ही दुसऱ्या पायरीपुढे जात नाही, पूर्ण बूट घालतो आणि खाणींतील पाण्याच्या काठाशी कोणास जाऊ देत नाही. ते पाणी निळे आणि शांत दिसते. त्याची खोली मात्र दिसत नाही.

आश्विन उत्तम. ऊन उतरलेले असते, आकाश धुतलेले असते. तिसऱ्या पायरीच्या वाटा दसऱ्याच्या सुमारास उरकून घ्याव्यात. कारण त्यानंतर वारा पडतो, शेतातील धूर आणि शहराचा धूर एकत्र येतो आणि दिल्लीचा हिवाळा सुरू होतो. पहाटे उठून फिरावयास जावे, ही वडिलांची शिकवण आपण सगळ्यांनी पाळली. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात दिल्लीत ती बाजूस ठेवावी लागते. थंड पहाटे दूषित हवा जमिनीलगत साचून राहते. ऊन चढले की ती काहीशी वर उठते. म्हणून थंडीत आम्ही सकाळी अकराच्या आधी निघत नाही. निघण्यापूर्वी हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक पाहतो. तो २०० च्या वर गेला की दमेकरी, हृदयरोगी, वृद्ध आणि लहान मुले यांनी घरी राहावे. ३०० च्या वर गेला की कोणीच जाऊ नये, हा गटाचा नियम आहे. त्या रविवारी कोणाच्या तरी घरी जमून चहा घेतला, तरी गट टिकतो.

माघ-फाल्गुन हा दिल्लीचा खरा वसंत. काटेसावर लाल होते, मागोमाग पळस पेटतो. वर्षभरात एकदाच चालावयाचे असेल, तर ते याच दिवसांत. वैशाख-ज्येष्ठात ‘लू’ सुटते. तेव्हा पहाटे पाचला निघून साडेसातला घरात असावे, आणि तेही पहिल्या पायरीच्या सावलीतच. त्या दिवसांचे बक्षीस म्हणजे बहाव्याचे पिवळे झुंबर.

नियम फार नाहीत. वाट निवडावयाची ती गटातील सर्वांत मंद पावलाकडे पाहून. जो पुढे धावतो, त्याला शेवटी चालण्याचे काम द्यावे. दर तासाला अर्धा लिटर, उन्हाळ्यात त्याहून अधिक, इतके पाणी प्रत्येकाने स्वतः वाहावे. रिजच्या रानात एकट्याने वा अंधार पडल्यावर जाऊ नये. स्त्रियांनीच नव्हे, कोणीच. माकडांना खावयास घालू नये. थालीपीठ आणि लाडू गेटाबाहेर येऊनच सोडावेत. असोल्यात बिबट्याचा वावर आहे; तेथे फाटकाच्या वेळा आणि वनरक्षकाचा शब्द अखेरचा मानावा.

बंधुभगिनींनो, हे सारे आरोग्यासाठी सांगितले, असे कोणास वाटेल. आरोग्य मिळतेच, पण आमचा आग्रह निराळ्या कारणासाठी आहे. पन्नास वर्षे या मंडळाने आपली भाषा, गणपती आणि नाटक या परक्या शहरात जतन केले. तरीही आपण अजून ‘आमच्याकडे’ म्हणतो ते महाराष्ट्राला, आणि ‘इथे’ म्हणतो ते दिल्लीला. येथे जन्मलेल्या आपल्या मुलांची तर दुहेरी अडचण. सह्याद्री त्यांच्यासाठी मे महिन्याच्या सुट्टीपुरता, आणि दिल्लीची माती तर त्यांच्या पायांना कधी लागलीच नाही. ज्या भूमीवरून आपण चाललो नाही, ती आपली होत नाही. आणि जी आपली नाही, ती गेली तरी आपल्याला कळत नाही.

आणि ती जाऊ शकते. १९९४ मध्ये दिल्लीतील सुमारे ७,७७७ हेक्टर रिज राखीव वन करण्यासाठी अधिसूचित झाली, म्हणून आज काही उरले आहे. तरीही कोठे राडारोडा पडतो, कोठे कुंपण सरकते. परदेशातून आणलेल्या विलायती किकरीने, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीने, मूळची झाडे हटवून बरेच रान व्यापले आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात भोवतालच्या भूमीहून शंभर मीटर उंच असेल तीच अरवली टेकडी, ही व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. तिच्यावर मोठा आक्षेप उठला आणि डिसेंबरअखेर न्यायालयानेच त्या आदेशास स्थगिती दिली. या वादातील कायद्याचा कीस आम्ही काढणार नाही. परंतु ज्या बुटक्या पहाडीवर आपली मुले चढावयास शिकतात, तीही डोंगरच आहे, हे सांगणारी माणसे शहरात हवीत. ती माणसे सभागृहांत तयार होत नाहीत. दर महिन्याला त्याच वाटेने जाणाऱ्यालाच काल येथे एक हिवराचे झाड होते आणि आज नाही, हे कळते.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात आमची विनंती एकच आहे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या घराजवळची एक वाट निवडावी, आपल्या पायरीची निवडावी, आणि वर्षाच्या सहाही ऋतूंत एकेकदा तीच वाट चालावी. सोबत एक लहान मूल आणि एक वृद्ध असावे. झाडांची नावे आजीने मराठीत सांगावीत, मुलाने हिंदीत सांगावीत. दोन्ही वहीत लिहून ठेवावीत. मंडळाच्या ग्रंथालयात त्या वह्यांसाठी एक कपाट मोकळे करण्याचे ग्रंथपालांनी मान्य केले आहे.

येत्या फाल्गुनातील पहिल्या रविवारी सकाळी साडेआठ वाजता आम्ही विश्वविद्यालय स्थानकाच्या बाहेर उभे असू. वाट पहिल्या दोन पायऱ्यांची आहे, पळस फुललेला असेल. पाणी आपापले आणावे.