तोफगोळ्याची सुरी आणि झियांगखुआंगचा चमचा



आपल्याकडे घिसाडी रस्त्याकडेला पाल टाकतो, भाता हलवतो आणि ट्रकच्या कमानीच्या मोडक्या पाट्याचा कोयता करून देतो. पाटा कुठल्या ट्रकचा, ओझ्यानं मोडला की अपघातात, हे आपण विचारत नाही. धार टिकेल ना, एवढंच विचारतो. आज ज्या लोहारांविषयी बोलायचं आहे, त्यांचं गिऱ्हाईक मात्र धारेआधी पोलादाचं कूळ विचारतं.

किनमेन हे बेट आहे तैवानच्या ताब्यात, पण चीनच्या शियामेन शहराच्या अगदी समोर. २३ ऑगस्ट १९५८ च्या संध्याकाळी चिनी तोफा सुरू झाल्या. ४४ दिवसांत पावणेपाच लाखांच्या आसपास गोळे पडले, आणि बेट सगळं मिळून दीडशे चौरस किलोमीटर! पुढे एक चमत्कारिक शिरस्ता पडला. विषम तारखेला तोफा डागायच्या, सम तारखेला गप्प. वीस वर्षं हे चाललं. १ जानेवारी १९७९ ला अमेरिका आणि चीन यांचे राजनैतिक संबंध जुळले, त्या दिवशी ते थांबलं.

या नंतरच्या गोळ्यांत बरेचसे प्रचाराचे होते. स्फोटक गोळ्याच्या चिरफळ्या होतात, त्या लोहाराच्या कामाच्या नाहीत. पत्रकांचा गोळा हवेत उघडतो, कागद उधळतो आणि जाड पोलादी कवच जवळजवळ अखंड शेतात येऊन रुततं. म्हणजे शत्रूनं मजकूर पाठवला आणि बेटानं पाकीट ठेवून घेतलं. तिथल्या वू घराण्याच्या कारखान्यात एका कवचातून साठेक सुऱ्या निघतात. भाजी-मटण चिरायच्या, रुंद पात्याच्या. २००१ साली शियामेनच्या बोटी सुरू झाल्या आणि पुढे चिनी पर्यटकही येऊ लागले. आपल्याच तोफखान्याचं पोलाद ते पैसे मोजून घरी नेऊ लागले. मला यात काही वावगं वाटत नाही. पोलाद चांगलं आहे.

लाओसमध्ये मात्र माझी जीभ अडखळते. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेनं त्या देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यांत सत्तावीस कोटींच्या आसपास क्लस्टर-बॉम्बमधले छोटे बॉम्ब होते, आणि त्यांतले तीस टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. चेंडूएवढे हे गोळे अजून शेतात आहेत. लोक त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात, जणू घरातल्या पोराचं लाडकं नाव. युद्धानंतर वीस हजारांहून जास्त माणसं न फुटलेल्या दारूगोळ्यानं मेली किंवा जायबंदी झाली. काही नांगरताना, काही भंगार वेचताना, आणि मुलं खेळताना.

तिथल्या झियांगखुआंग प्रांतात बान नापिया नावाचं गाव आहे. तिथं मातीच्या भट्टीत ॲल्युमिनियम वितळवून, लाकूड आणि राखेच्या साच्यात ओतून चमचे करतात. सुरुवात घरच्या आणि बाजारच्या गरजेतून झाली, आता पर्यटकांसाठी बांगड्या आणि किल्लीच्या साखळ्याही होतात. दुकानदार सरसकट ‘बॉम्बचा चमचा’ म्हणतो. पण बॉम्बचं पोलादी कवच त्या भट्टीत वितळेल कसं? धातू येतो तो प्रकाशगोळ्यांच्या नळकांड्यांतून, पडलेल्या विमानांच्या पत्र्यांतून.

पहिल्या महायुद्धानंतरही असंच झालं. तोफेच्या पितळी पुंगळ्यांच्या नक्षीदार फुलदाण्या आपण खंदकातल्या शिपायाच्या म्हणून बघतो. त्यांतल्या पुष्कळ फ्रान्स-बेल्जियममधल्या गावकऱ्यांनी केल्या, कबरी बघायला येणाऱ्या नातेवाइकांना विकण्यासाठी. घर पडलेलं, शेतात लोखंड पेरलेलं, मग विकायचं काय?

म्हणून अशी वस्तू घेताना ‘युद्धातून शांतीकडे’ ही चिठ्ठी वाचू नका, ते विक्रेत्याचं वाक्य आहे. धातू कोणी उचलला आणि तो उचलण्याआधी तिथली जमीन कोणी तपासली, एवढं विचारा. उत्तर मिळालं नाही तर वस्तू खाली ठेवा.

हा बान नापियाचा एक चमचा पहिल्या रांगेपासून फिरवतो. किती हलका आहे ते हातात घेऊन बघा. आणि कृपा करून परत करा, घरी तो साखरेच्या डब्यात असतो.